आजी ‘नको’ म्हणतात तेव्हा: ज्येष्ठांच्या छळाच्या प्रकरणांत काम करताना काय करायचं, कुठे थांबायचं

ज्येष्ठांच्या छळाचा फोन ज्येष्ठ स्वतः क्वचितच करतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून सोसायटीचा सेक्रेटरी करतो, कोपरखैरण्याहून शेजारीण करते, परदेशातली मुलगी मध्यरात्री करते. अपेक्षा एकच असते, ‘ताई, त्यांना तिथून बाहेर काढा.’ तुम्ही पोचता, तर ज्यांच्यासाठी आलात त्या आजी दारातच म्हणतात, ‘काही नाही हो, आमचं आम्ही बघतो. चहा घेणार?’

कायदा काय करता येईल ते सांगतो. ते करावं की नाही, कधी आणि कुणाला विचारून, हे ठरवणं आपल्यावर येतं. हा लेख ठाणे-नवी मुंबईत काम करणाऱ्या नव्या सामाजिक कार्यकर्त्यांसाठी आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या स्वयंसेवकांसाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ते लक्षात राहील. साठी ओलांडलेला माणूस प्रौढ आहे, आणि आपल्याला चुकीचा वाटणारा निर्णय घेण्याचा हक्क त्याला आहे. मुलाने त्याचं पासबुक काढून घेतलेलं असतं. आपण ‘भल्यासाठी’ म्हणून त्याचा निर्णय काढून घेतला, तर त्याच्या हातात काय उरलं? उदाहरणांतली माणसं मात्र कुठल्याही एका घरातली नाहीत. अनेक घरं मिसळून लिहिली आहेत.

पायरी १: घरी जाण्याआधी, फोनवरच

फोन करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. तुम्ही स्वतः काय पाहिलं आणि काय ऐकलं? तुम्ही फोन केलाय हे आजींना माहीत आहे का? त्या घराशी तुमचा काय संबंध? तिसरा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण टाळू नका. धाकटा भाऊ ‘दादा आईला छळतो’ म्हणतो, तेव्हा ते खरं असू शकतं. आणि त्याच वेळी नौपाड्यातल्या पागडीच्या खोलीच्या रीडेव्हलपमेंटवर सह्या होणार असू शकतात. दोन्ही एकदम खरं असणंही नेहमीचंच.

नाव गुप्त ठेवण्याचं वचन देताना मोजून द्या. ‘मी तुमचं नाव सांगणार नाही’ एवढं तुमच्या हातात आहे. ‘त्यांना कळणार नाही’ हे नाही. दहा खोल्यांच्या चाळीत फोन कुणी केला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

जिवाला धोका दिसत असेल तर आधी ११२. सल्ला, माहिती किंवा सोबत हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. बालकांच्या लैंगिक अत्याचाराबाबत पॉक्सो कायद्यात कळवण्याची सक्ती आहे, तशी सक्ती ज्येष्ठांच्या छळासाठी आपल्याकडे नाही. म्हणजे ‘कायद्यानेच कळवावं लागलं’ अशी सबब तुम्हाला मिळत नाही. पोलिसांत जायचं की नाही हा निर्णय आजींचा आणि तुमचा.

पत्ता नीट लिहून घ्या. ‘नवी मुंबई’ एवढं पुरत नाही. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. पोलीस आयुक्तालय एकच, पण पोटगीचा अर्ज जिथे जातो ते महसूल कार्यालय वेगळं. खारघरच्या आजोबांना ठाण्याच्या प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) ऑफिसात नेऊन परत पाठवलं गेलं, तर ते दुसऱ्यांदा घराबाहेर पडतीलच असं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाची एक फेरी फुकट गेली की त्याचा तुमच्यावरचा विश्वासही गेला.

पायरी २: घरभेट, आणि एकांत मिळवणं

एकट्याने बोलल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. पण किसननगरच्या वन आरकेमध्ये एकांत आणायचा कुठून? सून ओट्याशी, नातू टीव्हीसमोर, मुलगा खाटेवर. त्यात आजींना ऐकू कमी येतं. तुम्ही मोठ्याने विचारलं की शेजारच्या खोलीपर्यंत जातं. वाचता येत असेल तर पाटीवर किंवा मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून विचारा. नाहीतर जागा बदला. महापालिकेचं विरंगुळा केंद्र, कळव्याच्या रुग्णालयाची ओपीडी, बँकेत पासबुक भरायला जाणं, देवळाचा कट्टा, या जागांना घरचे सहसा हरकत घेत नाहीत.

इथे पहिला नैतिक पेच येतो. घरात शिरण्यासाठी खोटं बोलावं का? ‘आम्ही सर्व्हेला आलोय’ असं सांगून आत जाणारे आहेत. मी त्याच्या विरोधात आहे. खोटं उघडं पडतं, आणि पडतं तेव्हा त्याची किंमत आजी मोजतात. सगळं न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे. ‘ज्येष्ठांच्या योजनांची माहिती देते’ असं सांगायचं असेल तर पिशवीत श्रावणबाळ योजनेचे अर्ज आणि सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डाची माहिती खरोखर हवी, आणि ती खरोखर द्यायला हवी.

‘मुलगा मारतो का?’ असा प्रश्न विचारलात की उत्तर ‘नाही’ हेच येणार. त्याऐवजी दिवस विचारा. सकाळी चहा कोण देतं? जेवण किती वाजता, सगळ्यांबरोबर की नंतर? औषधं कुणाच्या ताब्यात? एटीएम कार्ड कुणाकडे? लेकीला फोन करायचा तर कुणाला विचारावं लागतं? दुपारी सगळे बाहेर गेले की दार आतून लागतं की बाहेरून?

दुभाषी घरातला नको. नवी मुंबईत मल्याळी, तमिळ, गुजराती आजी-आजोबा पुष्कळ आहेत, आणि भाषांतर करायला नेमका तोच मुलगा पुढे येतो ज्याच्याबद्दल बोलायचं असतं. बाहेरून माणूस आणा.

डोळे उघडे ठेवा. दंडावर बोटांसारखे उमटलेले वळ, मनगटावर दोरीची खूण, पाठीला जखमा, महिनाभर न संपलेली किंवा आठवड्यात संपलेली औषधांची पाकिटं. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या धक्क्याने निळे डाग पडतात, आणि म्हातारी त्वचा फार नाजूक असते. काय दिसलं ते लिहा. का झालं ते डॉक्टरांना ठरवू द्या. फोटो काढायचा तर विचारून, कशासाठी ते सांगून. संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो टाकायचा नाही, चेहरा झाकूनसुद्धा नाही.

पायरी ३: निर्णय घेण्याची क्षमता आहे का?

पुढचं सगळं या प्रश्नावर अवलंबून आहे, आणि घाई सर्वात जास्त इथेच होते.

मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ मधलं एक तत्त्व पाठ करून ठेवावं असं आहे. एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्या व्यक्तीत निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. तो कायदा मानसिक उपचारांपुरता आहे, पण आपल्या कामात हे तत्त्व सगळीकडे उपयोगी पडतं.

बोलताना चार गोष्टी पाहा. सांगितलेलं समजतं का, बोलणं संपेपर्यंत लक्षात राहतं का, त्याचे बरेवाईट परिणाम तोलता येतात का, आणि आपलं म्हणणं कसंही करून सांगता येतं का. क्षमता त्या त्या निर्णयापुरती असते. ज्या आजोबांना बक्षीसपत्राचा अर्थ कळत नाही, त्यांना कुणाकडे राहायचं ते पक्कं ठाऊक असू शकतं.

एका भेटीत बरळणाऱ्या आजींच्या फाइलवर ‘स्मृतिभ्रंश’ लिहू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवी झोपेची गोळी, यातल्या कशानेही म्हातारं माणूस दोन दिवसांत पूर्ण गोंधळतं आणि उपचारांनी सावरतं. काहींचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. त्यांना सकाळी भेटा. आधी साधा डॉक्टर, मग गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ. ठाण्यात जिल्हा रुग्णालय आहे, कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय आहे, १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

पण प्रमाणपत्र मागायला निघालं कोण, हे विचारा. ‘आईचं डोकं ठिकाणावर नाही असं लिहून द्या’ म्हणणाऱ्या मुलाला उपचार हवे असतात की सही, हे पुढच्या दोन प्रश्नांत कळतं. तुमचा अहवाल उद्या कुणाच्या हातात जाईल याचा विचार लिहिण्याआधी करायचा.

पायरी ४: ‘नको’ म्हणाल्या. आता?

घणसोलीतल्या माथाडी वसाहतीतले एक निवृत्त आजोबा घ्या. मुलगा पितो, पेन्शनचे पैसे काढून घेतो, पगाराच्या दिवशी ढकलतोही. आजोबा तक्रार द्यायला तयार नाहीत. म्हणतात, ‘तो आत गेला तर रात्री मला पाणी कोण देणार?’ याला भाबडेपणा म्हणू नका. हा हिशोब आहे, आणि तुमच्याकडे याहून चांगलं उत्तर नसेल तर त्यांचा हिशोब बरोबर आहे.

‘नको’ ऐकलं की ते कुठून येतंय ते शोधा. काहींना पर्यायच माहीत नसतात: पोटगी पोलिसांशिवाय मागता येते हे सांगितलं की चेहरा बदलतो. काहींना लाज वाटते: ‘घरातलं बाहेर नको.’ काहींना भीती असते, आणि भीतीपोटी आलेला नकार हा त्यांचा मोकळा निर्णय नव्हे. आधी भीती कमी करायची, मग पुन्हा विचारायचं. आणि काहींनी सगळं ऐकून, तोलून, मुलाच्या बाजूने कौल दिलेला असतो. तो मान्य करावा लागतो. मनातून पटत नसलं तरी.

मान्य करणं म्हणजे फाइल बंद करणं नव्हे. आजोबांसोबत बसून सुरक्षिततेची आखणी करा. आधार, रेशनकार्ड, घराची कागदपत्रं, पासबुक यांच्या झेरॉक्स घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे ठेवायच्या. चार दिवसांची औषधं आणि थोडी रोकड वेगळी. शेजाऱ्याशी खूण ठरवायची. मुलगा कुठल्या दिवशी पिऊन येतो ते माहीत असेल तर त्या संध्याकाळी कट्ट्यावर किंवा बहिणीकडे जायचं. आणि पुढच्या भेटीची तारीख.

मग नकार डावलायचा कधी? माझ्या मते चारच प्रसंगी: जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका समोर दिसत असताना, त्या निर्णयापुरती क्षमता नाही असं तपासून कळल्यावर, त्याच घरात दुसऱ्या कुणाला, लहान मुलाला किंवा अंथरुणावरच्या आजीला, धोका असेल तर, आणि न्यायालय किंवा न्यायाधिकरणाने तसा आदेश दिला असेल तर. तेव्हाही आधी त्यांना सांगायचं: ‘आजोबा, तुम्ही नको म्हणालात, तरी मी आज पोलिसांना बोलावतेय, कारण असं असं.’ पाठीमागून केलेली मदत त्यांना विश्वासघात वाटते. जेवढ्याने भागेल तेवढंच करायचं. डॉक्टर बोलावून भागत असेल तर घरातून हलवायचं नाही. कारण, वेळ, कुणाशी सल्लामसलत केली, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

पायरी ५: पैसा, घर, सही

ठाणे-नवी मुंबईत छळाचा धागा ओढला की बहुतेकदा दुसऱ्या टोकाला जागा निघते. जुन्या ठाण्यात रीडेव्हलपमेंट: संमतीवर सही आजोबांची, बिल्डरचं भाडं मुलाच्या खात्यात, आणि तीन वर्षांच्या भाड्याच्या घरात आजोबांना खोलीच नाही. नवी मुंबईच्या गावांत सिडकोने जमीन घेतलेल्या कुटुंबांचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड: नावावर म्हातारी, कुलमुखत्यारपत्र पुतण्याकडे, करार बिल्डरशी.

महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. त्यामुळे ‘आई, नुसती एक सही’ फार सहज होते. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ इथे कामी येतं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. पण अट असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात हेच सांगितलं. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात आईच्या बाजूने निकाल लागला, तिथे सांभाळाचं वचन कागदावर होतं. न्यायालयाने कायदा ज्येष्ठांच्या हिताने, उदारपणे वाचावा असंही म्हटलं आणि ताबा परत द्यायला लावला. कायदा महाराष्ट्रात २००९ साली लागू झाला. त्याआधीची बक्षीसपत्रं या कलमाखाली येत नाहीत.

तरीही ‘सही करू नका’ असा आदेश आपण द्यायचा नाही. मुलाला घर द्यावंसं वाटणं हा अपराध नव्हे, आयुष्यभर त्यासाठीच राबलेली माणसं असतात ही. विचारायचं एवढंच: सही झाल्यावर तुम्ही कुठे राहणार? ते या कागदात लिहिलंय का? हा वकील कुणी आणला? शेवटच्या प्रश्नाला ‘मुलाने’ असं उत्तर आलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दुसरा वकील बघू या म्हणावं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लागता मोफत सल्ला मिळतो.

स्वतःपुरते नियम कडक ठेवा. आजींचं पासबुक, पिन, दागिने ‘सांभाळायला’ घ्यायचे नाहीत. मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचं नाही. दिवाळीचा फराळ खाल्ला तर चालेल; साडी नको, पैसे मुळीच नकोत. हे कोरडं वाटतं, पण उद्या प्रांतांसमोर मुलगा तुमच्याकडेच बोट दाखवणार आहे.

पायरी ६: ‘छळणारी’ सून

तक्रारींत सून फार पटकन खलनायिका होते. वाशीतल्या एका घरात स्मृतिभ्रंश झालेल्या सासूला सून दुपारी खुर्चीला ओढणीने बांधत होती. बांधणं थांबायलाच हवं, त्याच दिवशी. पण ही बाई कित्येक महिने सलग झोपलेली नाही, नवरा रात्री नऊला लोकलने येतो, नणंदा फोनवरून सूचना देतात. तिला तुरुंगाची भीती घालून सासूचं भलं होणार नाही. दुपारचे दोन तास कुणी आलं, डॉक्टरांनी झोपेचं औषध तपासलं, पडू नये म्हणून खोलीची मांडणी बदलली, तर होईल. थकव्यातून झालेली हेळसांड आणि ठरवून केलेला छळ यांत आजींचं दुखणं तेवढंच असतं. आपला उपाय वेगळा असतो.

दुसरी बाजूही पाहा. नवरा-बायकोच्या भांडणात सुनेला घराबाहेर काढण्यासाठी सासू-सासऱ्यांकडून ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करवला जातो. एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की, कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला मिळालेला सामायिक घरात राहण्याचा हक्क असा सरसकट डावलता येत नाही. उलट, छळ झालेल्या सासूलाही कौटुंबिक हिंसाचार कायदा खुला आहे, आणि २०१६ च्या हरसोरा निकालानंतर त्यात स्त्रीविरुद्धही दाद मागता येते. एकाच घरात दोन पीडित असतील तर दोघींसाठी दोन कार्यकर्त्या असाव्यात. एकीचं ऐकलेलं दुसरीच्या फाइलमध्ये जायला नको.

ज्येष्ठांची काळजी घ्यायला ब्युरोतून येणाऱ्या मावशींबद्दलही हेच. त्या मारू शकतात. आणि घरच्यांनी केलेल्या चोरीचं खापरही त्यांच्यावरच फुटतं, कारण त्या गरीब आणि बाहेरच्या.

आपल्या मनातला श्रावणबाळही तपासावा. ‘आईबापांना वृद्धाश्रमात ठेवलं’ म्हणजे छळच, असं धरून चालणारे कार्यकर्ते मी पुष्कळ पाहिलेत. काही आजी तिथे सुखात असतात.

पायरी ७: न्यायाधिकरण

२००७ च्या कायद्याखाली अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. ज्येष्ठ स्वतः करू शकतात. असमर्थ असतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. ज्येष्ठ जिथे राहतात तिथे किंवा मुलं राहतात तिथे, दोन्हीकडे अर्ज चालतो. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. अपील ६० दिवसांत. मूळ तरतुदीत वकिलाला मज्जाव आहे; काही उच्च न्यायालयांनी वेगळी भूमिका घेतली आहे. ज्येष्ठाला टाकून देणं हा कलम २४ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीही पालकांना पोटगी मागता येते, पण दोन्हीकडे एकदम नाही.

अर्जाच्या सुनावणीपूर्वी न्यायाधिकरण समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवू शकतं. समेट चांगला, पण मारहाण झालेली असेल तर मुलाला समोर बसवून ‘आजी, मोकळेपणी बोला’ म्हणणं क्रूर आहे. त्या रात्री त्यांना त्याच घरात झोपायचं आहे. वेगवेगळं बोला, आणि तडजोडीत काय पाळलं जातंय हे कोण बघणार ते लिहून घ्या.

हलवायची वेळ आलीच तर आधी आजींना जागा दाखवा, एक दुपार घालवू द्या. अंथरुणाला खिळलेल्यांना अनेक वृद्धाश्रम घेत नाहीत. ते आधी विचारा. आणि घरावरचा त्यांचा हक्क सोडल्याचा कुठलाही कागद त्या गडबडीत होऊ देऊ नका.

पायरी ८: नोंदी आणि फॉलोअप

‘मुलगा छळतो’ हा तुमचा निष्कर्ष. ‘आजी म्हणाल्या, दोन दिवस जेवायला दिलं नाही, स्वयंपाकघरात अन्न होतं, वजन ३८ किलो’ ही नोंद. न्यायाधिकरणासमोर दुसरी टिकते. गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगा: जिवाला धोका दिसला तर मला बोलावं लागेल. नगरसेवक, पत्रकार, देणगीदार आणि सोसायटीची मीटिंग यांपैकी कुणालाही आजींचं नाव कळण्याची गरज नसते. पोलिसांना, डॉक्टरांना लागतं तेवढंच द्या. पेचाची केस एकट्याने ठरवू नका. वरिष्ठ नसतील तर दुसऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्याशी, नाव न सांगता, बोला.

फॉलोअपच्या तारखा नुसत्या ‘महिन्यातून एकदा’ अशा ठेवू नका. घराच्या दिनदर्शिकेला जोडा. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला असतो, पेन्शनवाल्या आजोबांना कुणीतरी बँकेत नेतंच, त्या आठवड्यात खात्यावर नजर हवी. सोसायटीचा करार नोंदणीला जाण्याआधी एक भेट, नव्या घराचा ताबा मिळाल्यावर एक. गणपतीला आणि शिमग्याला ब्युरोच्या मावशी गावी जातात, तेव्हा अंथरुणावरच्या माणसाचं कोण करणार ते आधीच विचारायचं. आणि ‘पुन्हा येऊ नका’ म्हणालेल्या आजींच्या फोनमध्ये आपला नंबर ठेवायचा तर कुठल्या नावाने, हे त्यांनाच ठरवू द्यायचं.